तीनशे नऊ आणि एकवीस

गेल्या मार्च महिन्याच्या अकरा तारखेस आमच्या मंडळाची मासिक बैठक मांजलपुरात एका सभासदांच्या घरी भरली होती. ही तारीख विजय सॅम्युएल हजारे यांच्या जन्माची. ते १९१५ साली सांगलीस जन्मले आणि २००४ च्या डिसेंबरात आपल्या बडोद्यातच निवर्तले. म्हणून त्या दिवशी कविता बाजूस ठेवून क्रिकेटवर बोलावे असे ठरले होते. साहित्याच्या मंडळात क्रिकेट कशाला, असा प्रश्न अन्यत्र कदाचित विचारला जाईल. बडोद्यात तो कोणी विचारीत नाही. ज्या घरांत गेल्या तीन पिढ्यांत मोतीबागेच्या कडेला बसून कोणी दुपार घालविली नाही, असे जुने मराठी घर या शहरात शोधूनच काढावे लागेल.

हजाऱ्यांवर बोलण्याचे काम आम्हांकडे आले होते. आम्ही तीन डाव निवडले. पहिला डिसेंबर १९४३ मधला, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरचा. दुसरा जानेवारी १९४८ मधला, ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचा. तिसरा जून १९५२ मधला, इंग्लंडमधील लीड्सचा. आम्ही रंगून सांगितले, सभासदांनी माना डोलावल्या, चहा आला. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एका गृहस्थांनी शांतपणे विचारले, "तिन्ही डाव थोर खरे; पण तिन्ही सामने आपण हरलो. हजारे बडोद्याकडून कितीतरी सामने जिंकले आहेत. तुम्हांला नेमके हरलेलेच का आठवले?"

हे गृहस्थ मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मोजमापाचे काम करून निवृत्त झालेले. शब्द मोजून बोलतात. आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. आपण वाचीत आहात ते हे त्रैमासिक पत्र बंद करावे, अशी सूचना गेल्या वर्षी त्यांनीच मांडली होती. वर्गणीदार घटत आहेत, पुढची पिढी गुजराती नाही तर इंग्रजी वाचते, टपालखर्च वाढतो आहे. मग कोणासाठी छापायचे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सूचना फेटाळली गेली. पण तिचे उत्तर कोणी दिले नाही. मार्चच्या बैठकीत त्यांनी विचारलेला प्रश्न हा वस्तुतः तोच जुना प्रश्न होता, फक्त क्रिकेटच्या पोशाखात आलेला. म्हणून आम्हांस तो टाळता येईना.

प्रथम त्या तीन डावांची हकीकत थोडक्यात सांगणे प्राप्त आहे, कारण तरुण वाचकांना ती ठाऊक असेलच असे नाही.

त्या काळी मुंबईत धर्मवार संघांची पंचरंगी स्पर्धा भरत असे: युरोपियन, हिंदू, पारशी, मुसलमान आणि पाचवा संघ 'रेस्ट', म्हणजे या चौघांत न बसणारे, उरलेले. खेळात अशी जातवारी असू नये, असे महात्मा गांधींनी १९४० मध्येच स्पष्ट सांगितले होते. पण स्पर्धा १९४६ पर्यंत चालू राहिली. हजारे हे मराठी ख्रिस्ती. सांगलीत जन्मलेला, शाळामास्तरांच्या आठ मुलांपैकी एक असलेला हा मराठी माणूस हिंदू जिमखान्याच्या संघात बसत नव्हता. म्हणून तो उरलेल्यांकडून खेळे. १९४३ च्या त्या मोसमात त्यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा काढून स्पर्धेतील उच्चांक केला. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० करून तो मोडला. हिंदूंनी पाच गडी बाद ५८१ वर डाव घोषित केला. 'रेस्ट'चा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला. त्यांत हजाऱ्यांच्या ५९. फॉलोऑन मिळाला, आणि दुसऱ्या डावात हजाऱ्यांनी ३०९ धावा केल्या. संघाच्या एकूण धावा ३८७. म्हणजे शंभरांतल्या जवळजवळ ऐंशी धावा एकट्याच्या! तरीही हिंदू संघ एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला.

ॲडलेडला ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. ब्रॅडमन २०१, हॅसेट नाबाद १९८, बार्न्स ११२. आपल्या पहिल्या डावात ३८१. हजारे ११६, फडकर १२३. फॉलोऑननंतर लिंडवॉलच्या माऱ्यापुढे फळ्यावर एकही धाव नसताना मंकड आणि अमरनाथ परतले. त्या डावात सहा भारतीय फलंदाजांना भोपळाही फोडता आला नाही. हजाऱ्यांनी १४५ केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे ते पहिले भारतीय. संघ २७७ मध्ये बाद झाला आणि एक डाव व अवघ्या १६ धावांनी हरला. या धावफलकातली एक गोष्ट बडोदेकरांच्या फारशी लक्षात नसते. २७७ मधल्या अवांतर २२ वजा केल्या, तर बॅटीतून आलेल्या धावा २५५. त्यांपैकी हजारे १४५, हेमू अधिकारी ५१ आणि गुल महंमद ३४; एकूण २३०. तिघेही तेव्हा बडोद्याचे खेळाडू. म्हणजे ॲडलेडच्या त्या दुपारी भारताचा डाव जवळजवळ पूर्णपणे आपल्या गावाने खेळला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

लीड्सला हजारे कर्णधार होते. दुसऱ्या डावात भारताची धावसंख्या शून्य आणि चार गडी बाद, असा फलक लागला. कसोटी क्रिकेटच्या इतिहासात असा आरंभ पूर्वी झाला नव्हता. ट्रूमन हा नवा गोलंदाज त्या सामन्यात प्रथमच कसोटी खेळत होता. बाद झालेल्या चौघांत आपले दत्ताजीराव गायकवाडही होते. तीही त्यांची पहिलीच कसोटी. हेच दत्ताजीराव पुढे भारताचे कर्णधार झाले, १९५७-५८ मध्ये बडोद्यास रणजी करंडक मिळवून दिला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पंचाण्णव वर्षांचे होऊन याच शहरात गेले. असो. पहिल्या डावात ८९ करणाऱ्या हजाऱ्यांनी या डावात ५६ केल्या, फडकरांनी ६४. डाव १६५ पर्यंत गेला आणि सामना सात गड्यांनी गेला.

आता त्या गृहस्थांचा आक्षेप. तो भावनेने उडवून देण्यासारखा नाही. क्रिकेट हा जिंकण्यासाठी खेळावयाचा खेळ आहे. पूल बांधावयास घेतला आणि तो पडला, तर एक कमान फार सुंदर होती असे म्हणून अभियंत्याची सुटका होत नाही. ३०९ धावांनी सामना वाचला नाही. तेव्हा ज्या कामासाठी त्या काढल्या ते काम झाले नाही. मग त्यांचे मोल कशात?

याला आपल्याकडे एक तयार उत्तर असते. फळाची आशा न धरता कर्म करावे, असे गीता सांगते, जय-पराजय गौण, हजाऱ्यांनी आपले कर्तव्य केले. त्या दिवशीही दोघा-तिघांनी हेच सांगितले, आणि प्रश्न मिटल्यासारखा झाला. आम्हांस मात्र हे उत्तर पटले नाही, आणि विचार करता करता ते हजाऱ्यांचा अपमान करणारे वाटू लागले. जय-पराजय खरोखरच गौण असता, तर धाव म्हणजे काय? बावीस यार्ड पळत जाणे, एवढेच. दोन संघ मनापासून जिंकू पाहत आहेत म्हणूनच त्या पळण्याला धाव म्हणतात आणि ती वहीत लिहितात. ॲडलेडला हजाऱ्यांना हरणे टाळायचे होते. आणखी सतरा धावा झाल्या असत्या, तर ऑस्ट्रेलियाला पुन्हा फलंदाजीस उतरावे लागले असते. आणखी काही तास काढले असते, तर कदाचित सामना अनिर्णित राहिला असता. हे समोर धरूनच तो मनुष्य एकेक चेंडू खेळत होता. त्याला हरण्याची पर्वा नव्हती असे म्हणणे म्हणजे त्याच्या श्रमातला अर्थच काढून घेणे होय.

आम्हांस वाटते, येथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक लक्ष्य आणि दुसरे फळ. तिरंदाज नेम धरतो तो लक्ष्यावर. लक्ष्याशिवाय नेम ही वस्तूच संभवत नाही. बाण सुटल्यावर वारा आला, पक्षी उडाला, तर ते त्याच्या हाती नाही. निष्काम कर्माचा अर्थ लक्ष्याविना बाण सोडणे असा कोणी केला, तर ते कर्मच राहत नाही, चाळा होतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानेही शुद्ध संकल्पाचे मोल त्याच्या यशावर अवलंबून नसते असे प्रतिपादिले. पण त्याच वेळी बजावले की संकल्प म्हणजे नुसती इच्छा नव्हे, आपल्या हातची सर्व साधने पणास लावणे होय. या दुसऱ्या वाक्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. हजाऱ्यांच्या बाबतीत ते ध्यानात ठेवले पाहिजे. आणि आमच्या बाबतीत तर अधिकच. त्याविषयी पुढे लिहू.

शिवाय हजारे निष्काम होते, हे तरी आपण कशावरून म्हणतो? मर्चंट यांनी त्यांचा उच्चांक मोडला होता आणि त्यांनी तो दोन दिवसांत परत घेतला. त्या तीनशे नऊंत थोडी ईर्ष्या नसेलच असे छातीवर हात ठेवून कोणास म्हणता येईल? माणसाचा हेतू एकपदरी नसतो. ईर्ष्या होती म्हणून डाव हलका होत नाही, इतकेच आम्ही म्हणू.

आता उलट बाजूने पाहू. विजयाने मोल ठरते असे मानले, तर जिंकलेल्या डावांचे मोल तरी नीट लागते काय? हा प्रश्न आम्ही त्या गृहस्थांना विचारला, आणि या एकाच मुद्द्यावर ते थोडे थबकले. १९४७ च्या मार्चमध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोद्यातच झाला. समोर होळकरांचा बलाढ्य संघ, त्यात कर्नल सी. के. नायडू. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत गेले. तेथून हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही जोडीने केलेली ती सर्वांत मोठी भागीदारी म्हणून एकोणसाठ वर्षे टिकली. २००६ मध्ये श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावांनी ती मागे टाकली. आमच्या वडिलांची पिढी या सामन्याच्या आठवणी सणासुदीला काढी. पण हिशेब मांडून पाहा. होळकरांच्या दोन डावांच्या धावा २०२ आणि १७३, बेरीज ३७५. बडोद्याने केल्या ७८४. म्हणजे डावाने जिंकण्यास जितक्या लागत होत्या त्याहून चारशेवर धावा निव्वळ जादा. उपयोगाच्या तराजूत घातले, तर १९४३ चे ३०९ अपुरे आणि १९४७ चे ५७७ अनाठायी! जो तराजू एकाच फलंदाजाच्या दोन सर्वश्रेष्ठ कामगिऱ्यांना टाकाऊ ठरवितो, तो तराजूच या मालासाठी नाही, असे म्हणावयास हरकत नसावी.

थोडे विषयांतर होते, पण तो महिना कोणता होता तेही पाहण्यासारखे आहे. १९४७ चा मार्च. पंजाबात दंगली पेटल्या होत्या. गुल महंमद मूळचे लाहोरचे. मराठा संस्थानिकाच्या संघासाठी एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान फलंदाज तासन्‌तास परस्परांच्या हाकेवर विश्वास ठेवून पळत होते. पुढे गुल महंमद पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्या देशाकडून एक कसोटी खेळले. पंचरंगी स्पर्धेने माणसांना ज्या कप्प्यांत घातले होते, ते कप्पे बडोद्याच्या संघात नव्हते. हे पुण्य कोणा एकाचे म्हणून आम्ही मिरवीत नाही. त्यात राजाश्रयाचा, पगाराचा व्यवहारही होता. स्वतः हजारे १९३९-४० च्या मोसमात पुण्यास महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्धच नाबाद ३१६ धावा काढून गेले होते, आणि लौकरच बडोद्याचे झाले. ज्याने आपल्याला बडविले त्याला घरी आणून पाटावर बसवावे, ही त्या दरबाराची व्यवहारचतुराई होती. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज अशाच काही कारणाने येथे आले: कोणी कारकुनीसाठी, कोणी तालमीसाठी, कोणी गाण्यासाठी.

परंतु या साऱ्या विचारात आम्हांस सर्वांत अधिक अडविले ते तीनशे नऊ या आकड्याने नव्हे, त्याच्या शेजारच्या एका लहान आकड्याने. त्या १९४३ च्या डावात हजाऱ्यांबरोबर सहाव्या गड्यासाठी तीनशे धावांची भागीदारी झाली. जोडीदार त्यांचे बंधू विवेक हजारे. तीनशेंत विवेक यांचा वाटा एकवीस.

एकवीस! इतर कोणत्याही सामन्यात हा आकडा कोणी दुसऱ्यांदा वाचणार नाही. पण विवेक बाद झाले असते, तर तीनशे नऊ झाले नसते. शेपटाने किती साथ दिली असती हे कळण्यास मार्ग नाही. बाकीच्या साऱ्यांच्या मिळून, अवांतर धरून, सत्तावन्न धावा आहेत, यावरून काय ते समजावे. विवेक यांनी काय केले? समोरून येणारा चेंडू थांबविला. धाव मिळाली तर घेतली, पण शक्यतो भावास खेळावयास मिळेल अशी. त्यांना तर विक्रमाचेही आमिष नव्हते, आणि सामना वाचेल अशी आशा त्यांना भावापेक्षा अधिक असण्याचे कारण नव्हते. आम्ही वर म्हटले की माणसाचे हेतू एकपदरी नसतात. पण ज्या कर्मात कर्त्याला स्वतःसाठी म्हणून मिळण्यासारखे जवळजवळ काहीच नाही, असे एखादे उदाहरण शोधावयाचे झाले, तर ते तीनशे नऊपाशी नसून एकवीसपाशी सापडेल. आणि त्याचे मोल धावफलकावर लिहिण्याची सोयच नाही. फलकावर ते एकवीस असेच दिसते: मध्यम, किंबहुना सामान्य.

मग असा प्रश्न येतो की अशा कर्माचे मोल कोठे राहते? ते भावाच्या आकड्यात गेले, असे म्हणावे तर ते विवेक यांचे राहत नाही. विवेक यांच्यापाशीच राहिले, असे म्हणावे तर ते कोणाला दिसत नाही. आमच्या घरांतील बायकांना हा प्रश्न कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. दांडिया बाजाराच्या वाड्यांत ज्यांनी दिवाणखान्यातल्या बैठकींना चार-चार वेळा चहा पाठविला, त्यांची नावे कोणत्याही बैठकीच्या इतिवृत्तात नाहीत. आमच्याही मंडळाची जुनी इतिवृत्ते आम्ही मुद्दाम काढून पाहिली, खरोखरच नाहीत. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटला, पण लिहिणे भाग होते.

कर्णधारपदाचा विषय बैठकीत निघाला, तो येथे घाईनेच उरकतो. कर्णधारपद ही हजाऱ्यांच्या फलंदाजीची शोकांतिका ठरली, असा मर्चंट यांचा अभिप्राय प्रसिद्ध आहे. अबोल, संकोची मनुष्य; त्याला दुसऱ्यांना हुकूम देण्याचे काम सोसले नाही; परधर्म भयावह, असा त्यावर आमच्यातील एकांनी ताशेराही ओढला. आकडे मात्र इतके सरळ बोलत नाहीत. कर्णधार म्हणून पहिल्या दोन कसोट्यांत त्यांनी नाबाद १६४ आणि १५५ केल्या. इंग्लंडच्या १९५२ च्या दौऱ्यात, जेथे संघ तीन कसोट्या हरला, त्यांनी चार कसोट्यांत ३३३ धावा काढल्या. १९५३ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये बॅट आटली, हे खरे. चौदा कसोट्यांत एक विजय, पाच पराभव, बाकी अनिर्णित. तो एक विजय म्हणजे फेब्रुवारी १९५२ मधला मद्रासचा. भारताचा पंचविसाव्या कसोटीतला पहिलावहिला विजय. तो मुख्यतः विनू मंकड यांच्या बारा बळींचा, आणि रॉय व उम्रीगर यांच्या शतकांचा. आमच्या सांगण्यात तो आलाच नाही; आणि त्याच वेळी आमच्या लक्षात आले की मागच्या खुर्चीवरच्या गृहस्थांचा आरोप अर्धा तरी खरा आहे. आम्हांस जिंकलेला हजारे सुचलाच नाही.

का सुचला नाही? याचे उत्तर हजाऱ्यांत नसून आमच्यात आहे.

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. बरोबर अकरा वर्षांनी, १९६० च्या त्याच तारखेस गुजरात राज्य झाले. ज्या भाषेत दरबार चालला ती भाषा घरात आली. मग घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खोलीत आली. जुन्या शहरातले वाडे विकले गेले, आपण लालबागेच्या पलीकडे मांजलपुरात सोसायट्यांतून राहावयास आलो. मुले चांगली शिकली, परदेशी गेली. यात कोणी आपल्यावर अन्याय केला असे आम्हांस मुळीच वाटत नाही. गुजराती शेजाऱ्यांनी आपल्याला जितके सांभाळले, तितके आपणही कोणाला सांभाळले असते की नाही याची शंका आहे. पण या काळात आपल्याला एक सवय जडली. हरण्याची एक चैन असते. जो हरलेलाच आहे त्याला हिशेब कोणी विचारीत नाही. पानिपतावर आपण अडीचशे वर्षे हळहळतो; भाऊसाहेबांचे, विश्वासरावांचे मरण आळवतो. परंतु त्याच पानिपताहून दमाजीराव गायकवाड जिवंत परतले आणि त्यांनी गुजरातेत आपले राज्य पुन्हा उभे केले, म्हणून आपण येथे आहोत, ही गोष्ट आपल्या गप्पांत क्वचितच येते. परतणाऱ्याची गोष्ट सांगताना पुढे काय केले तेही सांगावे लागते. मरणाऱ्याचे तसे नसते.

आम्ही हजाऱ्यांचे हरलेले डाव निवडले ते याच सवयीने. त्या डावांतले आम्हांस सोयीचे तेवढे घेतले: पराभव आणि एकाकी मोठेपणा. जे गैरसोयीचे होते ते सोडले. ते असे की, ॲडलेडला तो मनुष्य सतरा धावांसाठी झगडत होता. हरलेल्या संघात असणे हा गुण नव्हे. तो योग आहे. गुण होता तो, हरणे समोर दिसत असतानाही प्रत्येक चेंडू त्याच्या योग्यतेप्रमाणे खेळण्याचा. बॅट दोन्ही पायांच्या मध्ये धरून वाकून उभे राहण्याची त्यांची ढब तज्ज्ञांस विचित्र वाटे. ऑस्ट्रेलियाचे थोर गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांच्याकडून त्यांना तरुणपणी शिक्षण मिळाले, पण ती ढब त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. एकाग्रता मात्र अशी की तिची चर्चा प्रतिस्पर्धी करीत.

तेव्हा या पत्राचा प्रश्न. आमचे लक्ष्य काय? मांजलपुरात मराठी अक्षय टिकावी, हे लक्ष्य असेल, तर ५८१ धावा फलकावर लागलेल्या आहेत हे डोळे उघडे ठेवून मान्य केले पाहिजे. २०१८ साली बडोद्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मांडव भरलेला होता, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या नातवंडांनी त्या तीन दिवसांत परीक्षेचा अभ्यास केला. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु लक्ष्य जर एवढेच असेल की, पुढील तीन महिन्यांत जे दीड-दोनशे लोक हे पत्र उघडतील त्यांच्या हाती नीट विचार केलेले, नीट लिहिलेले चार निबंध पडावेत, तर तो चेंडू खेळण्यासारखा आहे, आणि तो आम्ही कित्येकदा आळसाने सोडून दिला आहे. मागील दोन अंकांत शुद्धलेखनाच्या चुका किती होत्या, ते मागच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी मोजून आम्हांस कळविले होते: एकशे चार. आम्ही त्या पत्राचे उत्तर पाठविले नाही. हातची सर्व साधने पणास लावणे म्हणजे काय, ते कांटने सांगितले आहे; एकशे चार चुका हे त्याचे उदाहरण खचित नव्हे.

खेळपट्टीवर उभे राहणे म्हणजे फलंदाजी नव्हे, असे आम्ही येथे लिहिणार होतो. मग विवेक हजारे आठवले, आणि वाक्य खोडले. त्यांनी बहुतांशी उभे राहण्याचेच काम केले होते. तरी एक भेद आहेच: ते दुसऱ्या टोकाला कोणी खेळत होते म्हणून उभे होते. आमच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? हा प्रश्न आम्ही सभासदांपुढे ठेवतो. एखादी मुलगी मांजलपुरातल्या कोणत्या तरी फ्लॅटमध्ये मराठीत काही लिहीत असेल आणि तिला छापावयास जागा हवी असेल, तर आमचे एकवीस तिच्यासाठी. तशी कोणी नसेल, तर आम्ही कोणासाठी चेंडू थोपवीत आहोत, हे त्या गृहस्थांनी पुन्हा विचारावे. त्यांचा तो अधिकार आहे, आणि या वेळी त्यांना उत्तर मिळेल अशी व्यवस्था करू.

कोटंबी येथील नव्या स्टेडियममध्ये २०२४ च्या डिसेंबरात भारताच्या महिला संघाचे एकदिवसीय सामने झाले. आमच्यापैकी काहीजण गेले होते; हे गृहस्थही होते. आमच्यासारखे आजूबाजूस न बघता ते डावभर गुडघ्यावर वही ठेवून प्रत्येक चेंडूची नोंद करीत होते. त्यांना विचारले, निकाल तर मोबाईलवर मिळतोच. ते म्हणाले, "निकालासाठी नाही लिहीत."

हा निबंध छापण्यापूर्वी आम्ही त्यांच्याकडे वाचावयास पाठविला. वाद त्यांना पूर्ण पटला नाही असे त्यांनी समासात लिहिले आहे. मजकुरात त्यांनी एकच दुरुस्ती केली. आमच्या घाईत एके ठिकाणी विवेक हजाऱ्यांच्या धावा बारा पडल्या होत्या; त्यांनी त्या खोडून लाल शाईने एकवीस केल्या.